बेचाळीस घरं गप्प

वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकाला दर कार्यक्रमाचे दोन पास मिळत, घरच्यांसाठी. मामाचे दोन पास गेली बावीस वर्षं दारावरच्या माणसाकडे जात होते, आणि दारावरचा माणूस ते हाताला लागेल त्याला देऊन टाकत होता. फ रांगेतल्या अकरा आणि बारा नंबरच्या खुर्च्या. स्टेजवरून त्या मामाला बरोबर दिसायच्या, संचालकांच्या डाव्या कोपराखालून. त्यामुळे बावीस वर्षांत मामाने आपली माणसं म्हणून जी पाहिली ती अशी: एक गृहस्थ, जे दुसऱ्याच मिनिटाला मान टाकायचे आणि टाळ्यांनी दचकून उठून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचे. एक बाई, ज्यांच्या पर्समधली खोकल्याची गोळी नेमकी हळुवार जागीच बाहेर यायची, चुर्र, चुर्र, थांबून पुन्हा चुर्र. एक नवरा-बायको, जे नजर समोर ठेवून, ओठ न हलवता, अख्खा कार्यक्रमभर भांडायचे. ती दोघं एकदा आली नाहीत तर मामाला दोन दिवस चुटपुट लागली होती.

त्याला मामा म्हणणारं जगात एकच माणूस होतं, साडेआठ वर्षांचं. पण आपणही त्याला मामाच म्हणू.

मामा ओबो वाजवायचा. ओबो म्हणजे सनईची लांबची, शिकलेली आणि जरा आखडू चुलतबहीण. काळी, हातभर लांब, अंगावर चांदीच्या कळा. तिच्या तोंडाशी बोरूच्या दोन पातळ पात्या बांधून केलेली पत्ती असते, आणि ती पत्ती वादकाला स्वतःच तासून करावी लागते. मामाची संध्याकाळ त्यातच जायची. दोन खोल्या, एक टेबल, एक दिवा, एक छोटा चाकू. तासायचं, फुंकून बघायचं, क्वॅऽक. पुन्हा तासायचं, क्विऽक. दहा पत्त्यांतली एक जमायची. जमली की ती कुणाला दाखवावी असं त्याला वाटायचं. मग तो ती डबीत ठेवून जेवायला बसायचा.

तर त्या साडेआठ वर्षांच्या माणसाला सगळे मुंगी म्हणत, कारण मुंगी चालली तरी तिला ऐकू येतं असं तिची आई म्हणायची. चेष्टेने म्हणायची, पण ते खरंच होतं. मिक्सर सुरू झाला की मुंगी कपाटात. फुगा दिसला की मुंगी घरी. कुणी खुर्ची ओढली की तिचे खांदे कानापर्यंत. सदऱ्याच्या गळ्यामागची चिठ्ठीसुद्धा तिला बोचायची. आई नवीन कपडा आणला की आधी कात्री घ्यायची.

"पुढच्या महिन्यात माझा एकट्याचा तुकडा आहे," मामा बहिणीला फोनवर म्हणाला. "अख्खा वाद्यवृंद हळू होतो आणि आठ घरं मी एकटा. तुम्ही दोघी याल का?"

बहीण पूर्णविराम न घेता बोलायची. "दादा तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये ते परवा वर्गात कुणाचा तरी फुगा फुटला आणि ही दोन तास बाकाखाली आणि मुख्याध्यापिका मला म्हणतात जरा सवय लावा जरा म्हणजे काय गं बाई जरा आणि तुझ्याकडे तर ऐंशी माणसं एकदम फुंकणार आणि बडवणार."

"सहा रविवार दे मला."

"आणि सातव्या रविवारी?"

"नाही जमलं तर नाही. पुन्हा विचारणार नाही."

बहीण चक्क थांबली. "दादा, तुला एवढं का रे हवंय?"

त्याला उत्तर येत होतं, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. "पास फुकट जातात," तो म्हणाला.

पहिल्या रविवारी मुंगी आली, दारात उभी राहिली आणि घराची तपासणी करून म्हणाली, "तुझा नळ तीन सेकंदांनी टिपतो. फ्रीज गुणगुणतो, ते चालेल. पण वरची नळी किरकिरते."

मामाने वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. अकरा वर्षं तो त्या नळीखाली कान लावून पत्त्या तासत होता. आत्ता त्याला ऐकू आलं, नळी खरंच किरकिरत होती. त्याने बटण बंद केलं, नळाखाली फडकं ठेवलं.

मग नियम ठरला. मुंगीने तळहात वर केला की मामा थांबणार, तिथल्या तिथे, स्वर अर्धा राहिला तरी. पहिल्या दिवशी मुंगी आतल्या खोलीत, मधलं दार बंद. मामा बाहेर जिन्यात, बाहेरचं दार बंद. आणि आई मध्ये निरोप्या. मामाने जिन्यात उभं राहून एक लांब स्वर लावला. वरच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "काय रे बाबा, किल्ली हरवली का?"

"नाही आजी, शिकवणी आहे."

"जिन्याची?"

दुसऱ्या रविवारी एक दार उघडलं, मुंगीनेच उघडलं. तिसऱ्या रविवारी मामा टेबलाशी आणि मुंगी टेबलाखाली, गुडघ्यांवर हनुवटी. तळहात सात वेळा वर झाला. आठव्यांदा अर्धा वर झाला आणि खाली आला.

"तुझा आवाज कोपऱ्याकोपऱ्यांचा आहे," टेबलाखालून निकाल आला. "पण टोचत नाही. खाजवतो."

बावीस वर्षांत मामाच्या वाजवण्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

मोबाइलवर बाकीचा वाद्यवृंद ऐकवायचा प्रयत्न त्याने केला, तो चार सेकंद टिकला. "सगळ्यांना डब्यात कोंडलंय आणि डब्यात वाळू आहे," मुंगी म्हणाली. मग मामाने मोबाइल ठेवून दिला आणि ठरवलं, की आपणच सगळं वाजवून दाखवू. आपल्या वाट्याचे कागद समोर ठेवले आणि अख्खी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी त्याच्या कागदावर होती तशी, तिला ऐकवली.

चौथ्या रविवारी रिकामं सभागृह. दारावरच्या माणसाला बोलताना घसा साफ करायची आणि मध्येच गुपित सांगितल्यासारखं वाकायची सवय होती. "ख्खं, या साहेब. इतकी वर्षं पास मी वाटतोय, ख्खं, आज घरची माणसं. काय आहे ताईसाहेब, खुर्ची सोडली की थप्प करून मिटते, तेव्हा हाताने धरायची. ही अशी."

मुंगीने खुर्ची धरून मिटवली. मग विचारलं, "हात वाळवायचं यंत्र आहे?"

"आहे की! हात घातला की भँऽऽ करून..."

मुंगी आधीच आईच्या मागे. दारावरचा माणूस गेला, दोन मिनिटांनी परत आला. वायर ओढून काढली होती आणि वर कागद चिकटवला होता, 'बिघडले आहे'. "कुणी विचारलं तर, ख्खं, मला काही माहीत नाही."

पाचव्या रविवारी टाळ्या. मामा आणि बहीण लोकरीचे हातमोजे घालून समोरासमोर बसले आणि धप्प धप्प टाळ्या वाजवत राहिले. मुंगी हळूच हसली. मग दोघांनी एक मोजा काढला, मग दुसरा. आता तिच्याकडे कानांवर लावायची मोठी झाकणंही होती, मामाने ओळखीच्या सुताराकडून आणलेली, करवत चालवताना घालतात तसली. झाकणांमधून टाळ्या म्हणजे लांबवर कुणीतरी गाद्या झोडपतंय.

सहाव्या रविवारी मामाने कागद केला. मुंगीला पुढचं माहीत नसलं की धडकी भरायची, आणि माहीत असलं की ती कुणालाही भारी होती. म्हणून त्याने आपल्या वाट्याच्या कागदांवरून, एकेक ओळ बघत, तिच्यासाठी कोष्टक आखलं. संगीत लिहितात ते उभ्या रेघांनी पाडलेल्या घरांत. एवढं मुंगी शिकलीच होती. मामा संचालकांसारखा हात हलवायचा आणि ती बोटावर घरं मोजायची, कधीच चुकायची नाही. कोष्टकात किती घरं, मामा काय करतो, आणि झाकणं लावायची की काढायची. शेवटच्या भागात मामाच्या कागदावर एक जाड आडवी रेघ होती आणि डोक्यावर ४२ चा आकडा: बेचाळीस घरं वाजवायचं नाही, नुसतं मोजायचं. त्यापुढे त्याच्या आठ घरांचा तुकडा.

मामाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बेचाळीस घरं गप्प. झाकणं काढ. कानांना जरा वारा लागू दे. मग मामा एकटा.'

सातव्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता फ रांगेत अकरा आणि बारावर त्याची दोन माणसं बसली.

काळा कोट घालून मामा आपल्या जागी बसला. त्याच्या शेजारी क्लॅरिनेटवाल्या बाई, वयाने थोरल्या, वाद्यवृंदातल्या सगळ्या बातम्यांचं आगार. "आज तुमचा चेहरा लग्नघरासारखा झालाय हो! कोण आलंय?"

"भाची. आणि बहीण."

"अगंबाई! तुम्हाला बहीण आहे?"

संचालक आले, टाळ्या झाल्या. मुंगीने झाकणं लावली होती. संचालकांच्या हातातली काडी वर गेली आणि सुरू झालं. मामा वाजवत होता आणि कोपराखालून बघत होता. मुंगीचं बोट कागदावर सरकत होतं. झाकणं काढली. लावली. पुन्हा काढली. एकदा तळहात उचलल्यासारखा वाटला, पण ती नाक पुसत होती. बहीण समोर बघतच नव्हती, तिची नजर सतत शेजारी. पहिला भाग झाला, दुसरा झाला. मामाच्या पाठीला घाम आला होता आणि तो बरा वाटत होता.

शेवटचा भाग आला. जाड रेघ आली. मामाने ओबो मांडीवर घेतली, मनात एक, दोन, तीन सुरू केलं आणि बावीस वर्षांच्या सवयीने कोटाच्या खिशातून कापसाचा बोळा काढून उजव्या कानात घातला. दुसरा बोळा चिमटीत धरला. सहा, सात. समोर मुंगीने कागदावर बोट ठेवलं, वाचलं, आणि शहाण्यासारखी दोन्ही झाकणं काढून मांडीवर ठेवली.

आठ.

चिमटीतल्या बोळ्याकडे मामाने पाहिलं. हा का आहे आपल्या हातात?

कारण मामाच्या पाठीमागे, अगदी पाठीमागे, पितळी कर्णेवाल्यांची रांग होती, आणि त्यांच्यामागे तांब्याचे चार नगारे. कारण या बेचाळीस घरांतल्या पंधराव्यापासून ते सगळे जीव खाऊन वाजवायचे, इतकं की पुढच्या रांगेतली माणसं कानात कापूस घालतात. मामा बावीस वर्षं कापूस घालून आकडे मोजत होता. त्याच्या कागदावर तिथे एक रेघ होती फक्त. त्याच्यापुरतं तिथे खरंच काही वाजत नव्हतं.

नऊ. मागे कर्णेवाले कर्णे वर उचलत असल्याची खसफस झाली.

मामाने ओबो गुडघ्यांत धरली आणि भरल्या स्टेजवर, मधोमध बसून, दोन्ही हात कानांवर ठेवले. मुंगी कागदात बघत होती. त्याने हात काढले, पुन्हा ठेवले, मोठ्ठे, कोपरं पसरून, पक्ष्यासारखे. क्लॅरिनेटवाल्या बाईंनी वाजवता वाजवता डोळे वटारले. संचालकांनी पाहिलं आणि त्यांच्या भुवया कपाळावर चढल्या. मामाने पुन्हा हात ठेवले. वर बघ गं मुंगी, वर बघ.

बहिणीने पाहिलं. कोपराने ढोसलं. मुंगीने वर पाहिलं, मामाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कागद खरा की मामा खरा असा विचार करण्यात अख्खं एक घर घालवलं. मग झाकणं लावली.

आणि मागून कोसळलं. भ्याँऽऽ! ध्ढम, ध्ढम, ध्ढडडडडम! मामाच्या खुर्चीचे पाय थरथरले.

मुंगी उठली नाही. वाकली नाही. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर सपाट ठेवले आणि डोळे एवढे मोठे केले. घाबरली, मामाला वाटलं, आता संपलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि कितव्या तरी घराशी त्याच्या लक्षात आलं, की आपण मोजत नाही आहोत.

पुढचं फार चटकन झालं. सगळे एकदम हळू झाले. व्हायोलिनवाल्यांनी बोटांनी तारा छेडत खाली छानसा गालिचा अंथरला, टुंब टुंब, टुंब टुंब, आणि त्यावर कुणी आलंच नाही. टुंब टुंब. संचालकांचा हात मामाकडे पसरलेला, तळवा वर. मामाला वाटलं, अजून वेळ आहे. टुंब टुंब. बाई दातांत क्लॅरिनेट धरून "अहो!" म्हणाल्या. मामाने ओबो उचलली, पत्ती कोरडी पडली होती, सातव्या घरात तो घुसला, क्वॅऽक, आणि तुकड्याचं शेपूट तेवढं वाजलं.

कार्यक्रम संपल्यावर आत संचालकांनी त्याला बोलावलं. संचालक शब्द शोधत बोलायचे आणि सापडलेला शब्द दोनदा म्हणायचे. "मी... काय म्हणावं... मी अठरा वर्षं, अठरा वर्षं हे काम करतोय. वादकांना मी आवडत नाही, कबूल, कबूल. पण माझं... माझं संचालन ऐकवत नाही म्हणून स्टेजवर कान झाकून बसणं, हे... हे..."

"साहेब, ते तुमच्यासाठी नव्हतं."

"मग कोणासाठी?"

मामाने सांगितलं. संचालकांनी ऐकून घेतलं, काडी डबीत ठेवली, डबी मिटली. "तरीही, तरीही," ते म्हणाले आणि कोट घालून निघून गेले.

बाहेर कोट ठेवायच्या खिडकीशी बहीण उभी होती. "दादा अरे सगळे बघत होते मागची बाई म्हणाली त्यांना बरं नाहीये वाटतं आणि मला कळेना हसू की..." ती थांबली. त्याचा चेहरा बघून थांबली.

मुंगीने कागद पुढे केला. "यात चूक आहे."

"हो."

"बेचाळीस गप्प नव्हती. चौदा हळू होती. अठ्ठावीस मोठी होती."

"हो गं. चुकलं."

"मग लिहायचं ना!"

"मला तिथे ऐकूच येत नाही. मी कानात कापूस घालतो." त्याने खिशातला बोळा काढून दाखवला.

मुंगीने बोळा बोटाने दाबून पाहिला. "तुलापण लागतं?"

"तेवढ्यापुरतं."

ती विचारात पडली. मामा उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला. "तू घाबरलीस का?"

"नाही. तुझ्या मागे लांब तो माणूस कोण आहे? तांब्याच्या भांड्यांचा. तो कानात नाही वाजत. तो खुर्चीतून वर येतो, मग पायातून, मग इथे." तिने पोटावर हात ठेवला. "झाकणं लावली तरी येतो. आणि टोचत नाही. अजिबात."

"अच्छा," मामा म्हणाला. आणि मग विचारू नये ते विचारलं. "आणि मी? शेवटी मी थोडंसं वाजवलं, ते?"

"झाकणं होती," मुंगी म्हणाली. तिने खोटं कधी बोलून पाहिलं नव्हतं. "तू हात ठेवलेस, म्हणून लावली. नंतर तू काढ म्हणालाच नाहीस."

"बरोबर आहे."

"पुढच्या वेळी त्याचा कागद करून दे. तो कधी गप्प आणि कधी वाजतो."

बहिणीने मुंगीच्या डोक्यावरून भावाकडे पाहिलं. पुढच्या वेळी, हा शब्द तिने लेकीच्या तोंडून कुठल्याच गर्दीच्या जागेबद्दल ऐकला नव्हता. 

नगारेवाला म्हणजे गोलमटोल, खदाखदा हसणारा गृहस्थ. त्याचे पास त्याला कधीच पुरायचे नाहीत. सासू, मेहुणे, मुलं, सुना, अख्खी पलटण यायची, आणि तो इतरांचे पास मागत फिरायचा. "माझे कागद? काय करायचेत लेका तुला? नोकरी घेतोस का माझी?"

"भाचीला हवेत. तिला तू आवडलास."

"मी?" तो इतका हसला की नगाऱ्याचं कातडंही हळूच घुमलं. "घरी सांगतो. घरी कुणाचा विश्वास बसणार नाही. घे, घे. आणि रविवारी तुझे पास रिकामे असतात ना रे? माझ्या मेहुण्याला..."

"नाही," मामा म्हणाला. "आता नाहीत."

मग चार संध्याकाळी मामाने पत्त्या तासल्या नाहीत. टेबलाशी बसून तो नगारेवाल्याचे पुढच्या कार्यक्रमाचे कागद उतरवत राहिला. बाहेरची खोली, खिडकीशी ओढलेलं टेबल, आणि दुसऱ्याच्या वाट्याचं संगीत. गंमत म्हणजे त्यात सगळं उलटं होतं. मामा जिथे घरंच्या घरं वाजवत असे तिथे या कागदावर नुसती जाड रेघ होती. अडुसष्ट. एकशे चार. मामाच्या आवडीची सगळी वळणं त्या रेघांखाली गाडलेली. या वेळी त्याने चूक केली नाही. संचालकांचा सगळ्या वाद्यांचा एकत्र जाडजूड ग्रंथ मागून आणला, घर घर लावून तपासलं आणि प्रत्येक रेघेसमोर लिहिलं, कोण वाजतंय, किती मोठं. एका अडुसष्टाच्या रेघेसमोर त्याने लिहिलं, 'मामा, हळू.' जरा वेळ त्याकडे पाहिलं. मग पुढे कंसात लिहिलं, 'झाकणं काढली तरी चालेल, नाही काढली तरी चालेल.'

महिन्याने पुन्हा संध्याकाळचे सहा. अकरा आणि बारा भरलेल्या. संचालक अजून यायचे होते. मुंगी ताठ बसली होती, कागद मांडीवर, झाकणं गळ्यात, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर तयार. तिची नजर सरळ मामाच्या दिशेने होती. सरळ, पण किंचित वर. मामाच्या टाळूवरून जाऊन ती मागे नगाऱ्यांपाशी टेकत होती.

"किती टक लावून बघते हो भाची तुमच्याकडे!" क्लॅरिनेटवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "डोळा हलवत नाही. नशीबवान आहात."

"हो ना," मामा म्हणाला.

मग तो उठला, खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलली, आणि वीतभर डावीकडे ठेवली. आता त्याचं डोकं मध्ये येत नव्हतं.